लांबचं फिकं, जवळचं गडद

मी एक जुना पेन टॅब्लेट आहे. मित्रांनो, वहीपेक्षा थोडी रुंद, काळी, पातळ अशी एक फळी डोळ्यांसमोर आणा, तोच मी. माझ्यावर पेनाने रेघ ओढायची आणि ती उमटते समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. ना शाईचा डाग, ना रंगाचा वास. माझ्या उजव्या कोपऱ्यात एक लांब तडा आहे. तो टेबलावरून पडून गेलेला नाही. एका तरुणाने मला दोन्ही हातांनी उचलून आपल्या सख्ख्या बहिणीच्या डोक्यात घातलं, तेव्हा तो गेला. माझी कहाणी ऐकायला बसलाच आहात, तर हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे मग तुम्ही दचकणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात तारांची केसासारखी बारीक जाळी बसवली गेली आणि वर खरखरीत कातडी चढली. एका कामगार बाईने माझ्यावर झरझर दोन वेलांट्या ओढून पाहिल्या, "हा ठीक आहे," म्हणून मान हलवली आणि मला खोक्यात निजवलं. पुढे किती तरी काळ मी एका दुकानाच्या फळीवर धूळ खात पडून होतो. ज्या दिवशी मला विकत घेतलं गेलं, त्या दिवशी घेणाऱ्याचा ओठ फुटलेला होता.

त्याला सगळी गल्ली भोवरा म्हणायची. एका जागी म्हणून बसेल तर शपथ! घरोघर पार्सलं पोचवायचं त्याचं काम होतं आणि वाटेत कोणाशी तरी जुंपल्याशिवाय त्याचा दिवस सरत नसे. त्याचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. त्या दिवशीही गोदामात कोणीतरी त्याला रांगेतून ढकललं होतं. त्याने ढकलणाऱ्याचा दात पाडला, स्वतःचा ओठ फोडून घेतला आणि तसाच थेट दुकानात आला.

घरी पोचल्यावर तो मोठ्या बहिणीला म्हणाला, "ताई, डोळे मीट आणि हात पुढे कर."

ताईने डोळे उघडले, मला पाहिलं, मग त्याचा ओठ पाहिला. "आधी हे सांग, आज कोणाला मारलंस?"

"तुझं आपलं भलतंच. माणसाने एवढ्या हौसेने काही आणावं, तर म्हणे कोणाला मारलंस!"

आई आतून येऊन म्हणाली, "ही कसली पाटी? खडू कुठे आहे हिचा?" आणि तिघंही हसत सुटली. वडील त्या घरात नव्हते. ते बऱ्याच वर्षांपूर्वी वारले होते. दोन खोल्या, तीन माणसं आणि आता त्यात मी.

माझी जागा ठरली खिडकीपाशी. ताईला कार्टूनपटांसाठी पार्श्वभूमी रंगवण्याचं काम हवं होतं. म्हणजे ज्या जंगलातून ससा पळतो ते जंगल, ज्या गल्लीत चोर लपतो ती गल्ली. एका स्टुडिओत पार्श्वभूमीचं काम पाहणाऱ्या बाई होत्या. ताई त्यांना दर आठवड्याला चित्रं पाठवायची आणि बाई फोनवर तिची कानउघाडणी करायच्या. त्यांचा आवाज इतका खणखणीत होता, की फोन कानाला लावला तरी तो मला ऐकू यायचा.

"पोरी, तुझा डोंगरही काळा आणि दारातली बादलीही काळी. मग डोंगर बादलीत बसलाय असं नाही वाटणार? लांबचं फिकं, जवळचं गडद. मधे हवा असते, ती रंगव."

ताई रंगवायची. आधी टिचभर चौकटीत नुसते तीन राखाडी थर: मागचा फिका, मधला मध्यम, पुढचा गडद. ते जमलं तरच रंग. चित्र आरशातल्यासारखं उलटं करून पाहायचं. उलटं केलं की तोल कुठे गेलाय ते चटकन दिसतं. जंगलं झाली, दऱ्या झाल्या, बंदरं झाली. भोवरा मागून डोकावून म्हणायचा, "ही डोंगररांग आहे की इस्त्री केलेला पडदा?" ताई त्याच्या पाठीत धपाटा घालायची. पण तो म्हणायचा ते खरंच असायचं.

शेवटी बाई म्हणाल्या, "मनातले डोंगर पुरे झाले. खिडकीतून दिसतं ते रोज काढ. तीच गल्ली, तीच चौकट. आणि बघणाऱ्याचा डोळा आधी कुठे जायला हवा, हे तू ठरव. तू नाही ठरवलंस, तर तो चित्राबाहेर निघून जाईल."

खिडकीतून काय दिसायचं? अगदी पुढे आमच्या खिडकीचे गज. मधे घड्याळवाल्या आजोबांचं दुकान. एक माणूस बसेल एवढीच जागा, पुढे लोखंडी शटर आणि आत डोळ्याला भिंग लावून वाकलेले आजोबा. मागे पाण्याची उंच टाकी. आजोबांनी भोवऱ्याला लहानपणापासून पाहिलेलं. तो शाळेतून मार खाऊन आला की ते त्याला दुकानात बसवायचे आणि बंद पडलेली घड्याळं खेळायला द्यायचे. ताई रोज सकाळी ती गल्ली काढायची. हळूहळू टाकी मागे सरकू लागली, गज पुढे येऊ लागले. नजर आपसूक आजोबांच्या भिंगावर जाऊन ठरायची. बाईंनी पहिल्यांदाच कौतुक केलं: "आता कुठे गल्लीत शिरावंसं वाटतं."

आणि त्याच आठवड्यात भोवऱ्याचा जोडीदार गेला.

दोघं एकाच मोटारसायकलवरून पार्सलं पोचवायचे. त्या दिवशी जोडीदार एकटाच होता. चौकात एका भरधाव गाडीने त्याला उडवलं आणि गाडीवाला न थांबता पळाला. भोवरा घरी आला तेव्हा त्याचा शर्ट रक्ताने माखलेला होता. पहिल्यांदाच ते रक्त त्याचं नव्हतं, त्याने मारलेल्या माणसाचंही नव्हतं. बातमी कळताच तो चौकात धावला होता आणि मित्राचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यावर बसला होता. आईने शर्ट काढायला लावला, तर तो काढेना. ताईने जवळ घ्यायला हात पुढे केला, तो त्याने झिडकारला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणीतरी अफवा उठवली, की गाडी घड्याळवाल्याच्या भाच्याची होती. पुढे तपासात निघालं, की भाचा त्या दिवशी गावातच नव्हता. पण अफवेला तपासाइतका धीर कुठला?

ताई गल्ली रंगवत होती. आधी आवाज आला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. ते दगड होते. मग टाकीच्या बाजूने माणसं आली, हातात सळया, मोटारसायकलच्या साखळ्या. पेट्रोलचा कॅन घेतलेला एक जण पुढेच होता. गल्लीतली दारं धडाधड बंद झाली. आजोबा शटर ओढायला उठले. म्हातारं माणूस ते, शटर अर्ध्यावर अडकलं. त्यांनी आतून हात बाहेर काढला आणि खालची कड धरून ओढू लागले.

जमावातून एक जण धावत पुढे आला. त्याने शटरवर दोन्ही हात टेकले आणि सगळं वजन टाकून ते खाली आदळलं. आजोबांचा हात खालीच होता.

मित्रांनो, ती किंकाळी मी विसरू शकत नाही. शटर पुन्हा वर गेलं. पुन्हा आदळलं. मग त्यांना ओढून बाहेर काढलं गेलं आणि लाथा सुरू झाल्या, पोटात, पाठीत, तोंडावर. भिंग कुठल्या कुठे उडालं. कोणीतरी आत पेट्रोल ओतलं आणि काडी टाकली. भिंतीवरची घड्याळं एकेक करून तडतडत फुटू लागली. धूर इतका दाट झाला, की टाकी दिसेनाशी झाली, मग दुकान दिसेनासं झालं.

पण त्याआधी ताईने त्याला पाहिलं होतं. शटर आदळणारा वळला तेव्हा त्याचा चेहरा सरळ आमच्या खिडकीकडे होता. शर्ट कालचाच होता. वाळलेल्या रक्ताचा.

ताईच्या हातातलं पेन माझ्यावरून घरंगळत जमिनीवर पडलं. मागे आई उभी होती. तिनेही पाहिलं होतं. ती पुढे झाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

पोलीस आले तेव्हा ताई याच टेबलाशी बसली होती. तिने सगळं सांगितलं: दगड कुठून आले, किती वेळ मारलं, आग कशी लावली. चित्रात काही विसरू नये तसं एकेक करून सांगितलं.

"आणि कोणाला ओळखलंत?" साहेबांनी विचारलं.

आई दारात पदर मुठीत धरून उभी होती. ताईने माझ्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "धूर फार होता."

त्या दिवसापासून तिचा सराव बिघडला. ती गल्ली काढायला बसायची आणि दुकानाची जागा कोरी ठेवायची. कधी गज मधे आणून तो भाग झाकायची, कधी चौकटच बाजूला सरकवायची. बाईंना चित्रं पाठवली, तर बाई म्हणाल्या, "काय गं, सगळं चित्र कशाला तरी पाठ करून उभं आहे. काय लपवतेस?" ताईने फोन ठेवून दिला. भोवरा घरात असला तर भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिघांपैकी कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

मग एके दिवशी ताई आजोबांना बघायला हॉस्पिटलमध्ये गेली. परत आली ती पांढरीफटक पडली होती. आईला सांगितलेलं मी ऐकलं.

"उजव्या हाताची चार बोटं काढली त्यांची. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही पोलिसांना काहीच का नाही सांगितलं? तुम्ही तर अगदी समोर होता."

"मग?"

"म्हणाले, मी कसा सांगू, पोरी? मला अजून एक हात उरलाय."

आई खाली बसली. मग हळूच म्हणाली, "तो माझा मुलगा आहे गं."

"माझाही भाऊ आहे."

"त्याचं नाव तेवढं वगळ. बाकीच्यांची सांग. एवढंच मागते."

ताई उठून खिडकीपाशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोवरा चहा पीत होता. ताई त्याच्यासमोर उभी राहिली. "मी आज चौकीत जाणार आहे. जबाब बदलायला."

कप त्याच्या ओठापाशीच थांबला. "कोणाचं नाव घेणार?"

"तुला माहीत आहे."

आधी तो हसला. मग म्हणाला, "ताई, माझा मित्र मेला. माझ्या मांडीवर मेला. त्याचं काय?"

"त्याला आजोबांनी मारलं नाही."

"त्यांच्या भाच्याने मारलं!"

"भाच्याने मारलं असतं, तरी शटरखाली हात कोणाचा होता? तुझ्या हातात घड्याळं ठेवायचा तो हात, भोवऱ्या. तू दोनदा आपटलंस. पहिल्यांदा रागात असशील. दुसऱ्यांदा?"

कप भिंतीवर फुटला. "तुला शिकवलं कोणी, गं? ही चित्रं, हे फोन, हा टॅब्लेट, कोणी आणून दिला? मी! आणि माझ्यावरच उलटतेस?" असं म्हणत त्याने मला उचललं. माझी वायर तटकन तुटली. पहिला फटका ताईच्या खांद्यावर बसला. ती वळली, टेबलाला धरून सावरू लागली आणि दुसरा फटका डोक्यात बसला.

मला रेघेसाठी घडवलं होतं, मित्रांनो. माझ्या कडेने कोणाची कातडी फाटेल असं मला घडवणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. माझ्या खरखरीत कातडीवर रोज सकाळी ऊन पसरायचं, तसं तिचं रक्त पसरलं. मी चरकन तडकलो. तिसऱ्या फटक्यासाठी त्याने मला वर उचललं तेव्हा आई मधे आली.

ती ओरडली नाही. तिने त्याच्या थोबाडीत मारली. एकदाच, पण अशी, की मी त्याच्या हातातून सुटून खाली पडलो. मग तिने टॉवेल घेऊन ताईच्या डोक्याला गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाली, "चप्पल घाल. आधी टाके घालून घेऊ, मग चौकी. मी येते बरोबर."

"आई!" भोवरा म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "आई, तू सुद्धा?"

"तुला तिथे कोणी उचलून नेलं नव्हतं. आपल्या पायांनी गेलास. आता आपल्याच पायांनी चौकीत ये."

तो आला नाही. मागच्या जिन्याने पळाला. काही दिवसांनी एका नातेवाइकाकडे सापडला. मायलेकींनी जबाब दिल्यावर आजोबांनीही तोंड उघडलं आणि जमावातल्या इतरांची नावं बाहेर आली. त्याची किंमत आमच्या खिडकीने मोजली. तिच्यावर दगड आले, काचा माझ्या अंगावर पडल्या. जिन्यात कोणीतरी ताईची वेणी धरून तिला भिंतीवर आपटलं आणि कानात म्हणालं, "बहीण की वैरीण?" आईला नळावर पाणी भरू देईनात. पण दोघी ते घर सोडून गेल्या नाहीत.

ताईने माझ्या तड्यावर चिकटपट्टी लावली आणि नवीन वायर जोडली. माझा तो कोपरा कायमचा बहिरा झाला. तिथे पेन फिरवलं तरी पडद्यावर काही उमटेना. ती उरलेल्या भागात काम करायला शिकली. डोक्याचे टाके निघायच्या आधीच तिने पुन्हा गल्ली काढली. गज गडद, टाकी धुरकट, फिकी, आणि बरोबर मधे जळून काळं ठिक्कर पडलेलं दुकान आणि अर्धवट उघडं शटर. कुठूनही पाहायला सुरुवात केली, तरी नजर तिथेच येऊन थांबायची.

चित्र पाहून बाईंनी फोन केला. म्हणाल्या, "हे चित्र मी कामाला लावणार नाही. ते तुझ्याकडेच ठेव. पण तू सोमवारपासून ये."

पुढची वर्षं आम्ही जोडीने काम केलं. ताईच्या जंगलांतून ससे पळाले, तिच्या गल्ल्यांतून चोर पळाले. मारामारीचं दृश्य आलं, की ती पार्श्वभूमी इतकी जीव लावून करायची, की सहकारी म्हणायचे, "हे दार तर ओरडतंय!" आजोबांनी दुकान पुन्हा उघडलं, पण दुरुस्तीसाठी नाही, डाव्या हाताने ते नुसते घड्याळाचे पट्टे विकायचे. मग स्टुडिओने ताईला थेट पडद्यावरच रंगवायचा नवा टॅब्लेट दिला आणि माझी रवानगी कपाटात झाली, जुन्या चादरींच्या खाली. रागावलो नाही. थकलोच होतो.

भोवरा शिक्षा भोगून परत आला तेव्हा मी कपाटातच होतो. आवाजावरून ओळखलं नाही. तो फार हळू बोलत होता. आई त्याला जेवायला वाढायची, तो "पुरे" म्हणायचा, एवढंच. तुरुंगात असताना पहिली काही वर्षं त्याने ताईला भेटायला नकार दिला होता. मग एकदा भेटला आणि जाळीपलीकडे नुसता बसून राहिला. आता घरातही तसाच बसायचा, आणि बसताना हात मांडीखाली दाबून ठेवायचा.

एका दुपारी कपाट उघडलं. ताईने माझ्यावरची धूळ पुसली, मला खिडकीपाशी ठेवलं आणि वायर लावली. "इकडे ये," ती म्हणाली.

भोवऱ्याने मला पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला. "हे नको, ताई. दुसरं काही दे. हे फेकून का नाही दिलंस?"

"बस."

तो बसला. तिने त्याच्या हातात पेन दिलं. "काही काढ. बाहेरचं, आतलं, तुला वाटेल ते. आधी एक रेघ ओढ."

त्याचा हात माझ्यावरून गेला. पुन्हा गेला. पडद्यावर काहीच नव्हतं. माझ्यावर रेघ उमटायला थोडा तरी दाब लागतो, आणि तो पेन टेकवल्यासारखं करून वरचेवर उचलत होता. इतका हलका हात माझ्यावरून कधीच फिरला नव्हता.

"बिघडलाय हा," तो म्हणाला.

"तो ठीक आहे. तू टेकवतच नाहीयेस. थोडा जोर दे."

भोवऱ्याने पेन वर उचलून धरलं. "किती? माझा अंदाज चुकतो, ताई."

ताईने आपला हात त्याच्या हातावर ठेवला नाही. ती नुसती शेजारी बसून राहिली. "चुकू दे," ती म्हणाली. "चुकलं तर पुसू. पुन्हा काढू. सराव म्हणजे दुसरं काय असतं?"

त्याने श्वास धरला आणि पेन टेकवलं. पडद्यावर एक वाकडी, राखाडी रेघ उमटली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली नाही.

मित्रांनो, मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. माझ्यासारख्या वस्तू येतात आणि जातात. एवढंच मागतो, की जोर तुमच्याही हातात आहे, तर तो कुठे टेकवायचा आणि किती, हे वेळेवर शिका. शटरखाली कोणाचा हात येण्याआधी शिका. आणि तुमच्या घरात एखाद्याचा अंदाज चुकत असेल, तर त्याचं वागणं झाकू नका, त्याला टाकूनही देऊ नका. खरं काय ते सांगा, आणि मग त्याच्या शेजारी बसा.